पंप बंद ठेवण्याबाबत

अनुदान थांबवल्याचं पत्र आलं तेव्हा आमच्या संस्थेने सर्वप्रथम ते पत्र मिळाल्याबद्दल आभाराचं पत्र पाठवलं. त्यानंतर काटकसर समिती नेमली. समितीला बसायला जागा हवी म्हणून ग्रंथालयातली अर्धी कपाटं व्हरांड्यात काढली, आणि काटकसरीचं वातावरण तयार व्हावं म्हणून त्या खोलीतला उजेड मंद करायचं ठरलं. मंद उजेडासाठी वेगळे बल्ब विकत आणावे लागले. या सगळ्याची मी रीतसर नोंद केली, कारण मी समितीचा सचिव होतो आणि सचिवाला नोंद करण्यापलीकडे दुसरं काही येतं असा कोणाचा आरोप नाही.

आमची संस्था पेशींवर संशोधन करते. निदान दारावर तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष संशोधन करणारी माणसं मोजकीच, आणि त्यांतली एक माझी सख्खी मोठी बहीण. ताई यीस्टवर काम करते. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं ते. आमच्या आईची अजूनही अशी समजूत आहे की ताई एवढं शिकून शेवटी बेकरीत लागली. मी मात्र फारसा न शिकता अधिकारी झालो, हे ती शेजारपाजारी अभिमानाने सांगते.

ताईचा सगळा जीव दुसऱ्या मजल्यावरच्या एका डीप फ्रीझरमध्ये. कपाटाएवढा फ्रीझर, आत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत यीस्टचा एक वेगळा वाण गोठून झोपलेला. काही वाण तिने स्वतः घडवलेले, काही तिला शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना तिच्या हातात दिलेले. ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. वीज गेली की ताई भरल्या ताटावरून उठते आणि संस्थेत फोन लावते. "अगं, एवढ्यात काही वितळत नाही," असं मी एकदा म्हणालो होतो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तोंडातला घास मी न चावताच गिळला.

संस्थेच्या तळमजल्यावर एक मोठा हॉल आहे. मोडक्यातोडक्या वस्तू तिथे जायच्या आणि तिथे भांडारप्रमुख बसायचे. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणत आणि पाठीमागे लिंबूकाका. माणूस इतका आंबट की 'नमस्कार' म्हटलं तरी 'काय मोडलं?' असं विचारायचे. पण त्यांच्याकडे गेलेली वस्तू संध्याकाळपर्यंत वस्तू राहत नसे. खुर्चीची चाकं दुसऱ्या खुर्चीला, जुन्या यंत्राची मोटर चालू यंत्रात, तारा गुंडाळून फळीवर, स्क्रू डब्यात. "असू द्या हो, कधीतरी लागेल," असं कोणी म्हणालं की ते विचारायचे, "कधी? वार सांगा." वार सांगता आला नाही की स्क्रूड्रायव्हर चालला. संचालकांच्या हस्ते झालेल्या कुठल्याशा उद्घाटनाची लाकडी पाटीसुद्धा त्यांनी अशीच वार विचारून मोडली आणि तिचं स्टूल केलं. संचालकांनी ते स्टूल एकदा पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

तर, समितीची पहिली बैठक. संचालकांनी प्रत्येक शास्त्रज्ञाला एकच प्रश्न विचारला: तुमचं शास्त्र काटकसरीबद्दल काय सांगतं? बाकीच्यांनी शहाण्या माणसांसारखं 'पुष्कळ काही सांगतं' एवढंच उत्तर दिलं. ताईने खरं उत्तर दिलं. ही खोड तिला लहानपणापासून आहे आणि तिच्याबद्दलचे धपाटे बहुतेक वेळा मी खाल्ले आहेत.

"यीस्टचा खुराक काढून घेतला," ती म्हणाली, "की ते स्वतःलाच खायला लागतं. आपल्यातलाच जुना, निकामी भाग पिशव्यांत भरतं. पेशीत एक मोठी पोकळी असते, रिक्तिका. पिशव्या तिच्यात जाऊन पडतात, तिथे विरघळतात, आणि त्यातून जे सुटं होतं ते वापरून यीस्ट उपासमारीतही तग धरतं. याला स्वभक्षण म्हणतात."

संचालक खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे अनुदानाशिवाय?"

"काही काळ, हो."

"मॅडम, आणि हे तुम्ही इतकी वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंत?"

मग सगळी समिती ताईच्या प्रयोगशाळेत गेली. ताईने सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या लावून दाखवल्या. दोन्हींवर उपाशी यीस्ट. फरक एवढाच की दुसऱ्या पट्टीवरच्या यीस्टचा पंप तिने औषध घालून बंद पाडला होता. ती हे सांगतच होती, पण संचालकांचा डोळा यंत्राला लागला की त्यांचे कान बंद होतात.

"या पहिल्यात काहीच नाही," ते म्हणाले. "पोकळी रिकामी. सगळे रजेवर गेल्यासारखं."

"सर, आलेली पिशवी लगेच विरघळते, म्हणून रिकामी दिसते. ही पेशी ठणठणीत आहे."

संचालकांनी दुसरी पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहाहा! हे बघा, हे! गच्च भरलीय पोकळी. किती पिशव्या! आणि नाचतायत! मॅडम, नाचतायत हो त्या! याला म्हणतात कामाचा उत्साह!"

"नाचत नाहीयेत, सर. इतक्या बारीक वस्तू पाण्यात अशाच थरथरतात. आणि दिसतायत त्या विरघळत नाहीत म्हणून. रिक्तिका आतून आंबट असावी लागते, तरच तिथली पाचक विकरं कामाला लागतात. तिला आंबट ठेवतात ते तिच्या भिंतीतले प्रोटॉन पंप. ते सारखे प्रोटॉन आत ढकलत असतात. पंप बंद पडला की पिशव्या येत राहतात, साठत राहतात आणि पचत काहीच नाही. ही पेशी पोटात अन्न घेऊन उपाशी मरतेय, सर."

"या पंपाला खर्च येतो का?" लेखाधिकाऱ्यांनी विचारलं. ते एरवी बोलत नाहीत, पण खर्च हा शब्द मनात आला की त्यांना कंठ फुटतो.

"ऊर्जा लागते. उपाशी असताना तर ती देणं जास्तच गरजेचं."

"म्हणजे ऐन उपासमारीत उधळपट्टी," असं म्हणून लेखाधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहून घेतलं.

ठराव झाला तो असा: 'संस्थेने यीस्टच्या धर्तीवर स्वभक्षण धोरण स्वीकारावे. उपलब्ध दोन नमुन्यांपैकी पहिला नमुना निष्क्रिय आढळल्याने नमुना क्रमांक दोन आदर्श मानण्यात यावा. ऊर्जा खाणारी पंपसदृश यंत्रणा तात्काळ बंद ठेवण्यात यावी.' ठरावावर ताई सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. ताई गैरहजर असल्याचं मी नोंदवलं. ती समोरच बसली होती, पण विरोध नोंदवायला रकाना नव्हता.

पंपसदृश यंत्रणा म्हणजे नेमकं काय, हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फार शोधावं लागलं नाही. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये लिंबूकाकांची घासणारी, कापणारी, डाग देऊन तारा सांधणारी यंत्रं दिवसभर चालत आणि विजेचं बिल तिथलंच मोठं होतं. शिवाय ते स्टूल होतंच. सक्तीच्या विश्रांतीचा आदेश घेऊन मी स्वतः खाली गेलो.

काकांनी आदेश वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. "कधीपर्यंत विश्रांती?"

"पुढील आदेशापर्यंत."

"वार सांगा."

मी पोचपावतीचा कागद पुढे केला. काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं की माझे स्क्रू कुठे कुठे आहेत ते त्यांना कळलं असावं. मग हत्यारं पिशवीत भरली आणि निघाले. जाताना दिवा बंद केला. त्या हॉलमधलं उपयोगाचं शेवटचं काम तेच.

त्या दिवशी घरी ताई माझ्याशी बोलेना. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आदळला तेवढाच आवाज. आईने विचारलं, "काय झालं गं?" ताई म्हणाली, "काही नाही. तुझ्या अधिकाऱ्याने पोट तसंच ठेवलं आणि पचन काढून टाकलं." आईला वाटलं मला अपचन झालं. तिने माझ्या ताटातलं वाढलेलं निम्मं परत काढून घेतलं.

धोरण मात्र जोरात सुरू झालं. प्रत्येक विभागाने आपल्याकडची निकामी वस्तू पोत्यात भरून हॉलमध्ये जमा करायची. पोतं जमा झालं की स्वभक्षण झालं. हॉलच्या दाराला जहाजाच्या खिडकीसारखी गोल काच आहे. संचालक रोज सकाळी तिला डोळा लावून आत पाहायचे आणि समाधानाने मान डोलवायचे. आवाराच्या भिंतीवर मोठा फलक लागला आणि त्यावर चढत्या पोत्यांची रेघ काढली गेली. रेघ रंगवायला पेंटर बाहेरून बोलावला, कारण आमचा पेंटर त्याच्या डब्यांसकट पोत्यांच्या नोंदीत गेला होता.

सुरुवातीला खरोखरचा कचरा होता. तो संपला. पण रेघ तर वर जायला हवी. मग विभाग एकमेकांकडे संशयाने बघायला लागले आणि चालू वस्तूही पोत्यांत जायला लागल्या. ज्याची पोती कमी त्याला खुलासा मागायचा, असा नियमच होता, तो मीच तयार केलेला. भौतिकशास्त्रवाल्यांनी आपले तराजू दिले. रसायनवाल्यांनी काचेची सगळी भांडी दिली आणि 'विभाग भारमुक्त झाला' असा अहवाल लिहिला. ताईच्या मजल्यावरचे बाकीचे सगळे फ्रीझर गेले. त्यांतला एक पोत्यात मावेना, तेव्हा सहा पोती उसवून एकत्र शिवली आणि त्याची नोंद सहा पोती अशीच केली. प्रामाणिकपणात आमची संस्था कधी कमी पडलेली नाही.

या सगळ्यातून सुटं होऊन वापराला किती आलं? एक खिळा नाही. संचालकांच्या खोलीतला बल्ब गेला तेव्हा हे उघड झालं. हॉलमध्ये पेट्या भरून बल्ब होते, पण ते पोत्यांत होते, पोती पोत्यांखाली होती, आणि एकदा आत गेलेलं बाहेर काढायची धोरणात तरतूद नव्हती. कशी असणार? बाहेर काढलं तर आकडा कमी होतो. संचालक अंधारात बसायला लागले. त्यांच्या खोलीत काटकसरीचं वातावरण आहे, म्हणून त्याचंही कौतुक झालं. थोड्याच दिवसांत लेखाधिकाऱ्यांनी दबक्या आवाजात मला सांगितलं की संस्थेचा सगळ्यात मोठा खर्च आता पोत्यांच्या खरेदीवर होतोय.

ताईने शेवटचा प्रयत्न म्हणून समितीपुढे दोन थाळ्या आणून ठेवल्या. काचेच्या चपट्या थाळ्या, ज्यांवर यीस्ट वाढवतात. उपासमारीनंतर दोन्ही नमुन्यांना तिने पुन्हा खुराक दिला होता. पहिल्या थाळीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट वाढ होती. दुसरी कोरी करकरीत.

"आता तरी बघा," ती म्हणाली. "पंप चालू असलेले उपासातून वाचले आणि खायला मिळताच वाढले. पंप बंद असलेल्यांतलं एकही उठलं नाही."

संचालकांनी पहिली थाळी पाहून नाक मुरडलं. "याच्यावर बुरशी आलीय वाटतं."

"ती वाढ आहे, सर! तेच यीस्ट आहे!"

"आणि दुसरी बघा किती स्वच्छ. सचिव, लिहा: नमुना क्रमांक दोनमध्ये स्वच्छतेचाही लाभ."

ताईने थाळ्या उचलल्या. दारापाशी वळून ती म्हणाली, "भरलेली पोकळी चांगली आणि रिकामी थाळीही चांगली. म्हणजे मेलेलं असलं की झालं, तुम्हाला काहीही चालतं." संचालक मला म्हणाले, "हे लिहू नका." मी लिहिलं नव्हतंच. मी खाली मान घालून पेनाचं टोपण शोधत होतो.

पोत्यांत भरायच्या वस्तू संपल्या तेव्हा माणसं उरली. ज्याची खुर्ची, यंत्र आणि टेबल हॉलमध्ये गेलं, तो माणूस अतिरिक्त ठरला, हे तर्काला धरूनच होतं. अशांच्या बदल्या हॉलमध्ये झाल्या. सकाळी आत जायचं, बाहेरून कुलूप लागलं की आपल्या पोत्याशेजारी बसायचं, संध्याकाळी बाहेर यायचं. सुरुवातीला ते कुरकुरले, मग रुळले. बसून बसून पाय आखडले की पोत्यांमधून येरझाऱ्या घालायचे. गोल काचेतून पाहिलं की पोती आणि त्यांच्यामधून हलणारी माणसं दिसत. संचालक म्हणायचे, "हुबेहूब तो नमुना!" हे मात्र त्यांचं अगदी खरं होतं.

आमच्या यशाची कीर्ती अनुदान मंडळापर्यंत पोहोचली आणि मंडळाने पाहणी समिती पाठवायचं ठरवलं. संस्थेत उत्साहाचं उधाण आलं. खूश झाले तर अनुदान पुन्हा सुरू करतील, अशी सगळ्यांना आशा. दारातून पोती जाईनाशी झाली होती, म्हणून आदल्या दिवशी वरच्या झरोक्यातून आणखी पोती आत टाकली. फलकावरची रेघ फलकाच्या बाहेर भिंतीवर गेली.

आणि नेमका पाहणीच्या सकाळी ताईचा फ्रीझर बंद पडला.

मी वर गेलो तेव्हा ताई फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी होती. एरवी मजलाभर कानाला भुणभुण वाटावी असा तो आवाज, तो थांबला होता. तिने लिंबूकाकांना घरी फोन केला होता आणि ते, आश्चर्य म्हणजे, विश्रांती सोडून आलेही होते. मागचं झाकण उघडून ते पोटावर पालथे पडले होते.

"रिले गेलाय, मोटर चालू करणारा," ते म्हणाले. "तळहाताएवढा तुकडा. बाकी यंत्र धडधाकट आहे."

"कुठे मिळेल?" ताईने विचारलं.

"बाहेरून मागवलात तर कंपनीच्या मर्जीवर. नाहीतर खाली आहेच. तुमच्या भावाने सहा पोत्यांचा झगा शिवून जो फ्रीझर आत घातला, त्यात हाच तुकडा आहे, नवाकोरा. हॉल उघडा. चहा गार व्हायच्या आत बसवून देतो."

ताई माझ्याकडे वळली. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हाही ती अशी रडवेली झाली नव्हती. "छोट्या," ती म्हणाली, "बाईंचे वाण आहेत रे आत. वितळले तर लगेच ताज्या थाळीवर काढावे लागतील, आणि माझ्या थाळ्यासुद्धा पोत्यात घातल्यात तुम्ही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

मी धावत संचालकांकडे गेलो. ते आरशासमोर टाय बांधत होते.

"एक पोतं बाहेर काढायचं? आज?" ते म्हणाले. "आणि तेही सहा पोत्यांचं? वेड लागलंय का तुम्हाला? उद्या काढा."

"सर, उद्यापर्यंत सगळं वितळून जाईल."

"मग तर काढायची गरजच उरणार नाही."

हॉलची किल्ली माझ्याकडे होती. मी आयुष्यात कधी आदेशाशिवाय पाऊल टाकलं नाही, पण त्या दिवशी टाकलं. किल्ली घेतली आणि आम्ही तिघं खाली धावलो. कुलूप उघडलं. दार उघडेना. दार आत उघडणारं होतं, आणि झरोक्यातून टाकलेला ढीग सकाळी माणसं आत गेल्यावर घसरून नेमका दारावर येऊन बसला होता. मी खांदा लावला, ताईने लावला, काकांनी शिव्या लावल्या. दार तसूभर हललं नाही. आतल्या माणसांनाही तेवढ्यात कळलं होतं की आपण कोंडले गेलो आहोत. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते पोत्यांवर चढून काचेकडे बघत हात हलवत होते आणि भिंतींवर थापा मारत होते.

तेवढ्यात मागून संचालकांचा आवाज आला. "या, या, सर, इकडून. हाच आमचा गाभारा." पाहणी समिती येऊन ठेपली होती. संचालकांनी आम्हाला डोळ्यांनीच बाजूला केलं. समितीचे अध्यक्ष उंच होते, त्यांना वाकावं लागलं. त्यांनी गोल काचेला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"अप्रतिम," ते म्हणाले. "गच्च भरलंय. आणि ही माणसं हात का हलवतायत?"

"स्वागत, सर."

"आवाज कसला येतोय?"

"टाळ्या, सर."

"ते अडकलेत!" ताई ओरडली. "साहेब, दार लागलंय, ते बाहेर यायला धडपडतायत! आणि वर माझा फ्रीझर..."

"आमच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ," संचालक हसून म्हणाले. "धोरणाची मूळ कल्पना यांचीच. भावना अनावर झाल्यात."

अध्यक्षांनी ताईचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. फोटो निघाला. त्यात मीही आहे, किल्लीसकट. नंतर मंद उजेडाच्या खोलीत भाषण झालं. मंडळ अत्यंत प्रभावित झालं होतं. अनुदानाशिवाय एखादी संस्था इतकी भरभरून काम करू शकते, हे अध्यक्षांना माहीतच नव्हतं. तेव्हा अशा संस्थेला पुन्हा अनुदान देऊन तिच्या स्वाभिमानाला धक्का लावणं योग्य नाही, असं मंडळाचं एकमताने ठरलं. अनुदानाऐवजी सन्मानचिन्ह मिळालं. लेखाधिकाऱ्यांना पाणी द्यावं लागलं.

समिती गेल्यावर मागच्या बाजूने शिडी लावली आणि खिडकीचे गज कापून माणसं बाहेर काढली. त्याच खिडकीतून लिंबूकाका आत उतरले. आत काहीतरी खणल्याचे, फाडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. ऊन उतरलं तेव्हा ते वर आले, धुळीने माखलेले, आणि हातात खरोखरच तळहाताएवढा तुकडा. त्यांनी तो बसवला. फ्रीझर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. ताईने दार उघडलं. आत पाणी होतं.

यीस्ट तसं चिवट. त्यांतले धट्टेकट्टे काही वाण तिने घरच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून जगवले. बाईंचे नाजूक होते, ते गेले. ताई त्या दिवशी फ्रीझरसमोरच्या फरशीवर बसून रडली आणि मी शेजारी बसलो. मला फार वाईट वाटलं. हे वाक्य मी थट्टेने लिहिलेलं नाही.

लिंबूकाका हत्यारं पुसत होते. ते आपल्या नेहमीच्याच सुरात म्हणाले, "उठा बाई. फरशी ओली आहे." आणि ताईला हात देऊन उठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर विश्रांतीभंगाची कारवाई झाली. आदेश मीच टाइप केला, पण त्यात टायपिंगच्या इतक्या चुका केल्या की तो अजून दुरुस्तीत फिरतोय. माझ्याने तेवढंच झालं.

आता दूरदूरच्या संस्थांमधून माणसं आमच्याकडे अभ्यासाला येतात. त्यांना गोल काचेतून हॉल दाखवतात आणि नमुना क्रमांक दोनची पुस्तिका देतात. तिच्या मुखपृष्ठावर ताईने काढलेलं यीस्टचं चित्र आहे, पोटभर पिशव्या असलेलं. ताईने राजीनामा दिला. तो पोत्यात घालून जमा करण्यात आला.

हे सगळं मनात ठेवून माझाही जीव घुसमटायला लागला, म्हणून ही हकिकत लिहून काढली आणि ठिकठिकाणी पाठवली. लोकांना फारच आवडली. परवा संचालकांनी मला खोलीत बोलावलं. अंधारात त्यांच्या हातात हेच कागद होते. मी म्हटलं, संपलं आता. पण त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "काय लिहिलंय हो! एकेक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. कोणावर लिहिलंय ते मी पहिल्याच पानावर ओळखलं." आणि त्यांनी पलीकडच्या रस्त्यावरच्या संस्थेचं नाव घेतलं. लेखाधिकाऱ्यांनी दुसऱ्याच एका कार्यालयाचं घेतलं. पाहणी समितीच्या अध्यक्षांचा तर खास फोन आला, की त्यांच्या मेहुण्याचं खातं अगदी असंच आहे.

तुम्हालाही वाचताना कोणीतरी आठवलं असेलच. ते तुम्ही नसणार, एवढं मला लिहितानाच माहीत होतं.